पातेरा

आजीच्या डोक्यावर मधोमध, जुन्या रुपयाएवढी जागा रिकामी होती. तिथे केस उगवतच नसत. लहानपणी मला वाटायचं, म्हातारपणी बायकांना तसं होत असेल. ती भाऱ्यांची जागा होती, हे बऱ्याच उशिरा कळलं. लग्न होऊन आल्यापासून साठी उलटेपर्यंत दरवर्षी ती रानातून कवळ, म्हणजे तोडलेल्या पाल्याच्या फांद्या, वाहत आली. आजोबा ऐन-किंजळीवर चढून फांद्या सवळायचे. आजी आणि तिच्या जावा खाली भारे बांधायच्या, डोक्यावर चुंबळ ठेवून उतारावरून भाताच्या कुणग्यापर्यंत आणायच्या. दिवसाला चार-पाच खेपा. चुंबळ कितीही मऊ बांधली तरी केस घासले जातातच.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, सड्याच्या पोटाशी. वर उघडा कातळ. कातळाच्या कडेपासून जमीन उतरायला लागते तिथे रान, रानाखाली वरकस (नाचणी-वरीची हलकी जमीन), आणि अगदी तळाला पऱ्याच्या, म्हणजे ओहोळाच्या, दोन्ही अंगांना भाताचे कुणगे. सातबाऱ्यावर या सगळ्याचे वेगवेगळे गट आहेत. आजीच्या लेखी मात्र ते एकच शेत होतं आणि त्याची कमाई वरून खाली यायची. थोडी पाण्याबरोबर, बाकीची तिच्या डोक्यावरून.

भाजावळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जिथे भाताची दाढ, म्हणजे रोपवाटिका, करायची ती जागा आधी साफ करायची. मग खाली शेण पसरायचं, त्यावर वाळलेलं कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, म्हणजे झाडांखाली पडलेला वाळका पाला, आणि सगळ्यावर बारीक माती भुरभुरायची. आग लावायची ती वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे ती भडकत धावत नाही, सावकाश मुरत जाते. आजोबा म्हणायचे, "जाळायचं नाय, भाजायचं." फरक मोठा होता. भाजलेल्या जागेत तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते आणि रोप असं हिरवंगार येतं, की शेजारच्या न भाजलेल्या पट्ट्यातलं रोप आजारी वाटावं.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. पाठ्यपुस्तकातली रसायनं आणि गावची माती यांची ओळख करून द्यावी असं मला पंचविसेक वर्षं सुचलंच नाही. सुचलं ते विहीर आटल्यावर. त्याकडे येतेच.

आपला जांभा हा दगड म्हणजे एका फार जुन्या धुलाईचा उरलेला चोथा आहे. फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टरने केरळात अंगाडीपुरमजवळ तो पाहिला. लोक ओला असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापतात आणि उघड्यावर ठेवला की तो विटेसारखा घट्ट होतो, हे त्याने १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आणि लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. लाखो वर्षांच्या उष्ण पावसाने मूळ खडकातला चुना, पोटॅश, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन नेली. मागे राहिलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लाल रंग त्या लोखंडाचा. पर्यटक त्या रंगावर खूश असतात, पण पिकाच्या दृष्टीने तो फारसा शुभ नाही.

मुलांना मी हे खुंट्यांच्या उदाहरणाने सांगते. मातीच्या प्रत्येक कणावर पोषक द्रव्यं टांगायच्या खुंट्या असतात. मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या कणाला त्या भरपूर. आमच्याकडची चिकणमाती केओलिनाइट जातीची, तिला मोजक्याच. आणि त्यांतल्या बऱ्याच अशा, की माती आंबट झाली की नाहीशा होतात, आंबटपणा कमी झाला की परत उगवतात. राख अल्कधर्मी असते. म्हणजे भाजावळीची राख नुसतं पोटॅश देत नव्हती, ते टांगायला खुंट्याही उभ्या करत होती! हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. आजोबांना अल्क म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची, गोष्ट आणखी वाईट. मातीतलं लोखंड आणि ॲल्युमिनियम त्याला असं धरून बसतं की मुळांना सुटत नाही. पोत्यातलं खत टाकलं तरी त्यातला मोठा वाटा माती गिळते. यावर उतारा काय, तर कुजणारा पाला. पाला कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं लोखंडाच्या त्याच जागा अडवून बसतात आणि थोडा स्फुरद मोकळा राहतो. खुंट्यांचंही तेच. जांभ्याच्या मातीत खुंट्यांचा मोठा हिस्सा ह्यूमसचा, म्हणजे कुजून काळ्या झालेल्या पातेऱ्याचा. तो काढून घेतला की लाल भुकटी उरते, आणि तिच्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

मग अशा मातीवर रान इतकं माजतं कसं? परदेशी लोकांचीही इथेच फसगत झाली. उष्ण कटिबंधातलं घनदाट जंगल पाहून त्यांना वाटलं, खालची माती सोन्यासारखी असणार. जंगल तोडलं, दोन-तीन पिकं झकास आली आणि मग जमीन बसली. कारण ठेवा मातीत कधीच नव्हता. तो झाडांच्या अंगात होता आणि पान पडलं की ते जेमतेम वर्ष-दीड वर्ष जमिनीवर टिकायचं. झाडांची बारीक मुळं वर येऊन पातेऱ्यातच घुसतात, बुरशीचे धागे त्यांना जोडलेले असतात, आणि पानातून सुटलेलं द्रव्य खाली वाहून जायच्या आत वर ओढलं जातं. रोख पैसा तिजोरीत न ठेवता सतत फिरवणाऱ्या व्यापाऱ्यासारखं हे रान. गल्ला कधीही उघडा, चिल्लर सापडेल, आणि तरी दुकान जोरात चालू.

यात वेळेचीही गंमत आहे. केनियात काम करणाऱ्या बर्च नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने १९५८ साली दाखवून दिलं की कोरडी ठणठणीत माती पहिल्यांदा भिजली की तिच्यातले सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि थोड्या दिवसांत भरपूर नत्र (नायट्रोजन) मोकळा करतात. आपल्याकडे हे मृगाच्या सरींना होतं. त्या वेळी भाताचं रोप बोटभर असतं, लावणीला अजून महिना. मोकळ्या जमिनीतला तो नत्र मग पऱ्यावाटे समुद्राला. रानातली झाडं मात्र मुळं पसरून आधीच बसलेली असतात. आयता घास पडतो त्यांच्या तोंडात.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की पूर्वी सगळं छान होतं. तसं नव्हतं. कवळ तोडणं म्हणजे रानाच्या तोंडातला घास काढून कुणग्याला भरवणं होतं. दरवर्षी सवळून सवळून आमच्या रानातले ऐन खांबासारखे उभे होते, वर तुरा तेवढा. शेण पडायचं रानात चरून आलेल्या गुरांचं, तेही खालीच यायचं. वरकसावर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग हरीक आणि मग काही वर्षं पड. माणसं वाढली तशी पडीची वर्षं कमी होत गेली. १८८५ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला आयोग नेमला. त्यात राबासाठी, म्हणजे भाजावळीसाठी, फांद्या तोडण्याचा हक्क हे मोठं भांडण होतं. जंगलखात्याचं म्हणणं, शेतकरी झाडं नागवतो. शेतकऱ्याचं म्हणणं, राब नाही तर भात नाही. मला दोघांचंही पटतं. पण त्या रानात एक गोष्ट शाबूत होती. फांद्या गेल्या तरी मुळं जिवंत असायची, खाली पडलेलं सगळं कुणी झाडून नेत नसे आणि पावसाळ्यात जमीन उघडी पडत नसे. चोरी होती, पण घर चालेल इतपत.

आमच्या जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं. रान बहुतेक खाजगी, म्हणजे ज्याला पैशांची नड लागेल त्याने विकावं. आमचं १९९४ च्या आसपास गेलं. आजोबा वारले होते, काकांच्या मुलीचं लग्न होतं, एका ठेकेदाराने उभी झाडं एकगठ्ठा घेतली. साग-किंजळ लाकडाला, बाकीचा किटा कोळशाला. महिनाभर उतारावर भट्ट्या धुमसत होत्या. गॅस आला होता, गावात बैलांची जोतं कमी झाली होती, कवळ वाहायला घरात तरुण बाई नव्हती. माझी आई मुंबईत, वहिनी अजून आली नव्हती. खरं सांगायचं तर रान तुटलं तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं सगळ्यांना. आजीलाही. "बरा झाला, डोक्याचा भार उतरला," म्हणाली होती. नंतरच्या पावसात तिने पऱ्याचं पाणी पाहिलं, चहाच्या रंगाचं. त्यावर ती काही बोलल्याचं मला आठवत नाही.

१९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली होती. तिने कोकणाचा चेहरा बदलला यात शंका नाही आणि मी तिला नावं ठेवणार नाही. माझ्या चुलतभावाचं घर काजूवर उभं आहे. उतारावर खड्डे पडले, वेंगुर्ल्याची कलमं लागली. चार वर्षांत हिरवळ दिसायला लागली. पुण्याहून येणारे पाहुणे म्हणायचे, किती झाडं आहेत हो तुमच्याकडे! होती खरी. पण काजूची बी वेचायची असते. खाली पातेरा असला की बी लपते. म्हणून हंगामाआधी झाडांखालचा सगळा पालापाचोळा ओढायचा, ढीग करायचा आणि पेटवायचा. हल्ली तणनाशकही मारतात. म्हणजे वरून पाहावं तर बाग आणि खाली अंगण.

झाड असलं की माती धरली जाते, हे अर्धंच खरं आहे. सागाच्या रुंद पानांवर पावसाचे थेंब एकत्र होतात आणि त्यांचा एक जाड थेंब होऊन खाली आदळतो. सागाखाली पातेरा नसेल तर त्या थेंबाने उघड्या माळापेक्षाही जास्त माती उडू शकते. छत्री कितीही मोठी असो, मार अडवते ती जमिनीवरची गोधडी. आमच्या काजूखालची गोधडी आम्ही दर फाल्गुनात जाळत होतो.

विहिरीचं सांगायचं राहिलं. घरामागे रानाच्या पायथ्याशी ती आहे, जांभ्यातच खणलेली. जांभा सच्छिद्र. पाणी त्यातून खाली उतरतं, तळाच्या पांढरट-गुलाबी चिकणमातीवर अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. कोकणातले पुष्कळ झरे असेच. (शेजारच्या उन्हाळे गावच्या डोंगरावर राजापूरची गंगा हा झरा आहे, तिचं येणं-जाणं कुणालाच सांगता येत नाही, ती गोष्ट वेगळी.) आमची विहीर माझ्या लहानपणी मेअखेरीस कमरेएवढं पाणी राखून असायची. पुढे ती एप्रिलच्या मध्यावर तळ दाखवू लागली. पावसाळ्यात मात्र आधीपेक्षा लवकर भरायची, आणि कुणग्यांत आधी कधी नव्हता इतका लोंढा यायचा. बांध दोनदा फुटला.

'झाडं लावा, पाणी येईल' हे वाक्य भिंतींवर लिहिलेलं असतं. झाड पाणी आणत नाही, झाड पाणी पितं, आणि बारा महिने हिरवं असणारं झाड उन्हाळ्यातही पितं. मग रान असताना विहिरीला पाणी जास्त कसं? इथे हिशोब दोन बाजूंचा आहे. झाड किती पितं ही एक बाजू, आणि त्याच्यामुळे जमीन पावसाला किती आत घेते ही दुसरी. जुन्या रानाखाली कुजलेल्या मुळांच्या नळ्या, गांडुळांची भोकं, वाळवीची दालनं यांतून मुसळधार पाऊससुद्धा आत उतरतो. जमीन तुडवली गेली, ऊन लागून कडक झाली की तोच पाऊस वरून निघून जातो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सह्याद्रीच्या उतारांवर काही वर्षं हे मोजलं गेलंय. नैसर्गिक जंगलाखालची जमीन उजाड जमिनीपेक्षा कितीतरी वेगाने पाणी मुरवते. उजाड जागी अकेशिया लावल्यावर सुधारणा दिसली, पण जुन्या रानाची बरोबरी झाली नाही. म्हणजे रान स्वतः पिऊनही विहिरीला देऊन जायचं. आणि जमीन एकदा बसली की नुसती रोपं लावून ती लगेच उठत नाही. आमच्या पलीकडच्या उतारावर कुणी जेसीबी लावून पायऱ्या पाडल्या तेव्हा तर खालची पिवळट माती वर आली आणि वरची कुठे गेली, ते पऱ्यात उतरून बघितलं की कळतं. राजापुरात एके काळी इंग्रजांची वखार होती, खाडीतून व्यापारी गलबतं यायची. आज तिथे गाळ आहे, आणि जवळजवळ दरवर्षी बाजारपेठेत पुराचं पाणी. तो गाळ काही एकट्या आमच्या उताराचा नाही, पण थोडा तर आमचाही असणारच.

उलट उदाहरण घरातलंच आहे. गुहागरला मावशीची वाडी आहे. तिथे कुणी मुद्दाम 'कृषिवानिकी' केलेली नाही. (काय गोड शब्द आहे! हजेरीपटावर एखाद्या मुलीचं नाव म्हणून शोभला असता. २०१४ साली भारताने याच नावाचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, असं करणारा तो जगातला पहिला देश.) मावशीकडे सर्वांत वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, मध्ये जायफळ, कोपऱ्यात फणस आणि रातांबा, खाली केळी, अळू, हळद. गोव्यात फोंड्याकडे यालाच कुळागर म्हणतात. पाटाचं पाणी आळ्याआळ्यातून फिरतं. झावळ्या, पोफळीची विरी, केळीचे बुंधे, गोठ्याचं शेण, चुलीची राख, सगळं आळ्यात. तिथली माती मुळात आमच्यापेक्षा बरी, समुद्राजवळची, पाणी हाताशी, हे मान्य. तरी मला वाडीत गेलं की जाणवतं ते एवढंच, की तिथे कचरा हा प्रकार नाही. नारळ-सुपारी बाहेर जाते, बाकी सगळं कुंपणाच्या आत फिरतं. आणि फिरवणारी मावशी आहे, वय वर्षं एकाहत्तर, गुडघे गेलेले. तिच्यानंतर कोण फिरवणार, हा विषय तिच्याकडे काढायचा नसतो.

बांधावर गिरीपुष्प लावायचं माझ्या डोक्यात आलं ते डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीवरून. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि कृषी खातं यांनी ती पुष्कळांपर्यंत पोचवली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, चिखलणीआधी गिरीपुष्पाचा हिरवा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपी खताच्या गोळ्या चुडांच्या मध्ये खोल दाबायच्या. वाचताना मला वाटलं, हे तर ओळखीचं आहे. राख तीच, पाला तोच, फक्त भाजावळ नाही आणि डोक्यावर भारा नाही, कारण झाड बांधावरच. गिरीपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं, हवेतला नत्र बांधणारं, खुंटी रोवली की फुटणारं. त्याचा पाला चिखलात टाकला की दोन-तीन आठवड्यांत विरघळल्यासारखा होतो. ऐनाचं पान तसं नाही. ते चिवट, सावकाश कुजतं. लगेच पिकाला हवं असेल तर पहिला पाला, जमीन झाकून ठेवायची असेल तर दुसरा. दोन्ही लागतात. आजीच्या भाऱ्यात सगळं मिसळलेलं असायचं.

दादाने खुंट्या रोवायला हरकत घेतली नाही. बांधावर तीसेक लावल्या, चोवीस जगल्या. खरी वाटाघाटी झाली ती पातेऱ्यावरून. मी म्हटलं, यंदा काजूखालचं जाळू नका. दादा म्हणाला, "तू ठाण्यात बसून सांगतेस. बी काय पाखरं वेचणार?" वहिनी काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. मग तीच म्हणाली, "विहिरीच्या वरची बारा झाडं सोडते. पण तिथली वेचणी मी करायची नि वेळ लागला की बोलायचं नाही कुणी."

त्या बारा झाडांखाली आता तिसऱ्या वर्षीचा पातेरा आहे. विहिरीत फरक पडला का असं लोक विचारतात. बारा झाडांनी कसा पडेल? पण गेल्या मे महिन्यात तिथे हात घातला तर वरचं पान कोरडं, त्याखालचं जाळीदार, त्याखाली काळपट ओल आणि त्या ओलीत पांढरी मुळं वर आलेली, केसांसारखी. जवळच झाडलेल्या झाडाखाली नखही शिरत नव्हतं. आणि ऐनाची दोन रोपं, आपली आपण उगवलेली. दादाने ती पाहिली आहेत. उपटली नाहीत अजून.

वहिनीला त्या बारा झाडांची बी वेचायला बाकीच्यांपेक्षा दुप्पट वेळ लागतो. वाकून, पानं बाजूला सारत, एकेक. तिने चिमुकलीच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर दिवस लिहून ठेवलेत, हंगामाचे साडेसहा दिवस जादा. ती मजुरी मी द्यायची असं आमचं ठरलंय. या वर्षीची अजून दिलेली नाही.